शाळेत शिकवत असताना अभ्यासक्रम व अध्यापन या विषयात पदव्युत्तर पदवी घ्यावी का?

प्रश्न : माणदेशी शिक्षिका

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत 11 वर्षांपासून उपशिक्षिका आहे. डी.एड.नंतर नोकरी लागली आणि नोकरीत असतानाच बी.ए. व बी.एड. पूर्ण केले. सध्या तिसरी आणि चौथी हे वर्ग माझ्याकडे आहेत.

वार्षिक नियोजन, घटक नियोजन, आकारिक (वर्षभर शिकवता शिकवता होणाऱ्या) मूल्यमापनाच्या नोंदी हे सारे मी वेळेवर लिहिते. मात्र अमुक घटक तिसरीतच का आला, तो आधीच्या कोणत्या घटकावर उभा आहे आणि एखाद्या मुलाला तो जमत नसेल तर त्याच्यासाठी किती मागे जावे, हे मला कोणी शिकवले नाही आणि मीही कधी विचारले नाही. पाठ संपला की ‘पोर्शन झाला’ असे आम्ही म्हणतो आणि पुढच्या पाठाकडे वळतो. म्हणून शिक्षणशास्त्रात, विशेषतः अभ्यासक्रम व अध्यापन या अंगाने, पदव्युत्तर शिक्षण घ्यावे असे मनात आहे. एम.एड. करावे की एम.ए.? नोकरी सांभाळून ते होते का? आणि माझ्या वर्गातील मुलांना त्याचा खरोखर उपयोग होईल का? माझे सगळे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे, याचीही थोडी धास्ती आहे.

उत्तर : खडू आणि फळा

मॅडम, आपला प्रश्न वाचून मला माझीच सहा वर्षांपूर्वीची अवस्था आठवली. मी प्राथमिक शिक्षक असून इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून दूरस्थ पद्धतीने शिक्षणशास्त्रात एम.ए. केले. ते किमान 2 आणि कमाल 4 वर्षांत पूर्ण करता येते. मला तीन वर्षे लागली. स्वाध्यायांना 30 टक्के आणि सत्रान्त परीक्षेला 70 टक्के भार होता. माध्यम इंग्रजी किंवा हिंदी असते. मी हिंदी घेतले, आणि पहिले दोन महिने ‘अधिगम’ म्हणजे आपले ‘अध्ययन’ हे मनात बसवण्यातच गेले. पण भाषेची अडचण तेवढ्यापुरतीच राहिली, त्यामुळे आपण धास्ती बाळगू नये.

वर्गातील उपयोगाबद्दल माझा अनुभव सविस्तर सांगतो. चौथीच्या वर्गात मी 412 भागिले 4 हे उदाहरण दिले होते. निम्म्याहून अधिक मुलांनी उत्तर लिहिले : 13. पूर्वी मी अशा वेळी ‘भागाकारात शून्य लिहायला विसरू नका’ असे सांगून तीच रीत फळ्यावर पुन्हा करून दाखवत असे, आणि आठवड्याभरात मुले पुन्हा 13 लिहीत. एम.ए.च्या वाचनात प्रथमच माझ्या ध्यानात आले की चूक रीतीच्या टप्प्यात दिसत असली तरी तिचे मूळ स्थानिक किमतीत आहे, आणि स्थानिक किंमत मुलांनी भागाकाराच्या कितीतरी आधी शिकलेली असते. मग मी खेळण्यातल्या नोटा आणल्या. 412 रुपये चार जणांत वाटायचे. शंभराच्या चार नोटा प्रत्येकी एक अशा गेल्या. दहाची नोट एकच, ती चौघांना कशी द्यायची? एक मुलगी म्हणाली, ‘गुरुजी, सुट्टे करा.’ दहाचे सुट्टे केले, आधीचे दोन धरून बारा रुपये झाले आणि प्रत्येकाला तीन मिळाले. ‘मग दहाची नोट कोणाला मिळाली?’ असे मी विचारले. ‘कोणालाच नाही,’ असे उत्तर आले, आणि दशकाच्या घरातील शून्य त्या मुलांनी आपणहून लिहिले.

यात नवे काय, असे कोणी म्हणेल. नोटा आणि काड्यांचे गठ्ठे आपल्या प्रशिक्षणांतही असतात. फरक असा पडला की ते साधन कोणत्या अडचणीसाठी आणि नेमक्या कोणत्या टप्प्यावर वापरायचे, हे ठरवण्याची दृष्टी मला मिळाली. अभ्यासक्रम (मुलाने काय आणि का शिकायचे याची संपूर्ण आखणी), पाठ्यक्रम (त्यातील विषयवार घटकांची मांडणी) आणि पाठ्यपुस्तक या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी तोवर परीक्षेपुरते पाठ केले होते. आपल्याकडे 2023-24 मध्ये पुस्तकांचे चार भाग झाले, त्यात वहीची पाने आली आणि पुढे ती काढण्याचाही निर्णय झाला. पण या सगळ्यात मुलाने काय शिकायचे ते बदलले नव्हते. पुस्तक बदलले म्हणून अभ्यासक्रम बदलला असे नसते, हे उमगल्यावर मी अध्ययन निष्पत्ती, म्हणजे त्या इयत्तेत मुलाला काय यायला हवे याची विधाने, समोर ठेवून नियोजन करू लागलो.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. लघुप्रबंधाच्या वेळी मला ‘शिक्षकांचा अमुक गोष्टीकडे पाहण्याचा दृष्टिकोन’ अशा धर्तीचा, प्रश्नावली वाटून उरकता येणारा विषय सुचवण्यात आला होता. मी आग्रहाने भागाकारातील चुकांचाच विषय घेतला. काम दुप्पट झाले, पण त्या कामाचा उपयोग मला आजही होतो.

उत्तर : निवृत्त अधिव्याख्याता

वरील सरांनी अनुभव सांगितला आहे, म्हणून मी केवळ नियमांची बाजू लिहितो.

शिक्षक-प्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या 2014 च्या विनियमांनुसार एम.एड. हा दोन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे आणि प्रवेशासाठी बी.एड. किंवा समकक्ष पदवीत किमान 50 टक्के गुण लागतात. तासिकांना 80 टक्के आणि क्षेत्रीय कार्याला 90 टक्के उपस्थिती बंधनकारक आहे. त्यामुळे शाळा सांभाळून नियमित एम.एड. प्रामाणिकपणे करता येत नाही. त्यासाठी रजाच घ्यावी लागते. उपस्थितीची ‘सोय’ करून देण्याचे आश्वासन कोणी दिले, तर त्या वाटेला जाऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या विनियमांच्या मसुद्यात एक वर्षाचे पूर्णवेळ आणि नोकरदारांसाठी दोन वर्षांचे अर्धवेळ एम.एड. प्रस्तावित आहे; प्रवेश घेण्यापूर्वी त्या वेळी लागू असलेला नियम पाहून घ्यावा.

एम.एड.मध्ये ‘अभ्यासक्रम, अध्यापनशास्त्र व मूल्यमापन’ हे विशेषीकरणाचे एक क्षेत्र आहे, आणि आपला कल पाहता तेच आपल्याला जवळचे वाटेल. पुढे अध्यापक महाविद्यालयात जाण्याचा विचार असेल, तर एम.एड.चा मार्ग अधिक सरळ आहे, तरी बी.एड. आणि शिक्षणशास्त्रातील एम.ए. या दोन्हींत 55 टक्के गुण असणाऱ्यांनाही 2014 च्या विनियमांनुसार तेथील काही पदांसाठी पात्र धरले जाते. केवळ पदवी मिळाली म्हणून प्राथमिक शिक्षकाचे वेतन वाढत नाही. 24 वर्षांच्या सेवेनंतरच्या निवड श्रेणीच्या (वरच्या वेतनश्रेणीच्या) वेळी वाढीव अर्हतेचा विचार होतो; आपल्या संवर्गाला कोणती अर्हता लागू आहे, हे गटशिक्षणाधिकारी कार्यालयातून लेखी विचारून घ्यावे. प्रवेशापूर्वी वरिष्ठांची परवानगी घेऊन सेवापुस्तकात नोंद करून घ्या. ती राहिल्यामुळे पुढे हेलपाटे घालणारे अनेक शिक्षक मी पाहिले आहेत.

उत्तर : गोदाकाठची

ताई, मी मूळची नाशिकची. सध्या टेक्सासमधील एका शाळेत सहावीला गणित शिकवते. अमेरिकेत ‘करिक्युलम अँड इन्स्ट्रक्शन’ याच नावाची पदव्युत्तर पदवी शिक्षकांमध्ये फार प्रचलित आहे. ती साधारणपणे 30 ते 36 क्रेडिटची (क्रेडिट म्हणजे अभ्यासाचा भार मोजण्याचे एकक) असते आणि बहुतेक शिक्षक ती संध्याकाळी, उन्हाळ्याच्या सुट्टीत किंवा ऑनलाइन पूर्ण करतात. मीही शाळा सुटल्यावर रात्री जेवणे आटोपून अभ्यासाला बसत असे.

अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ राल्फ टायलर यांनी 1949 मध्ये मांडलेल्या चार प्रश्नांपासून आमची सुरुवात झाली : शाळेने कोणती उद्दिष्टे ठेवावीत, त्यांसाठी कोणते अनुभव द्यावेत, ते कोणत्या क्रमाने गुंफावेत, आणि उद्दिष्टे साधली की नाही हे कसे ओळखावे. एका सत्रात आम्हाला अपूर्णांक हा एकच घटक तिसरीपासून सहावीपर्यंत राज्याच्या मानकांत कसा वाढत जातो, याचा तक्ता मोठ्या कागदावर करायचा होता. तो करताना मला दिसले की माझ्या सहावीच्या मुलांचे अडणे चौथीतल्या सममूल्य अपूर्णांकांपाशी आहे. आपण ‘किती मागे जावे’ असे विचारले आहे ना, त्याचे उत्तर मला त्या कागदावर मिळाले. असा तक्ता आपल्या पहिली ते पाचवीच्या अध्ययन निष्पत्तींवरूनही करता येईल, आणि त्यासाठी पदवीची वाट पाहण्याची गरज नाही.

परदेशात आलेल्या मराठी भगिनींसाठी एक गोष्ट सांगते. ही पदवी म्हणजे शिकवण्याचा परवाना नव्हे. परवाना राज्य देते आणि या पदवीच्या अनेक अभ्यासक्रमांत तो अंतर्भूत नसतो. प्रवेशापूर्वीच हे विचारून घ्यावे, नाहीतर दोन वर्षांची फी भरूनही वर्गात उभे राहता येत नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर : माणदेशी शिक्षिका

आपण तिघांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. मला अध्यापक महाविद्यालयात जायचे नाही आणि द्विशिक्षकी शाळा सोडून दोन वर्षांची रजा घेणे मनाला पटत नाही, म्हणून दूरस्थ एम.ए. करण्याचे ठरवले आहे.

नाशिकच्या ताईंनी सांगितलेला तक्ता मी वजाबाकीपासून सुरू केला. त्याआधी तिसरीला 503 वजा 267 हे उदाहरण दिले. चार मुलांनी 364 लिहिले. प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला, मग तो वर असो वा खाली. आजवर मी अशा उत्तरावर फक्त लाल फुली मारली असती. या वेळी त्या चौघांना जवळ बसवून ‘तू कसे केलेस ते सांग’ असे विचारले आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे वहीत उतरवून घेतले. लघुप्रबंधाचा विषय कदाचित यातूनच निघेल. जुलै सत्राला प्रवेश घेण्यासाठी परवानगीचा अर्ज सोमवारी केंद्रप्रमुखांकडे देत आहे. सेवापुस्तकातील नोंदीचा उल्लेख त्यात केला आहे.