मदत हवी आहे: ३२-बिटी बोर्डावर रनटाइममध्ये पूर्णांक ओव्हरफ्लो, तपासणी असूनही हार्डफॉल्ट

घटप्रभा:

एका छोट्या स्क्रिप्टिंग भाषेचं रनटाइम सी मध्ये आहे. ते कॉर्टेक्स-एम४ बोर्डावर चालतं. रॅम २५६ केबी, कंपायलर जीसीसी, सी लायब्ररी न्यूलिब. स्क्रिप्ट बाहेरून येते, त्यामुळे ती लिहिणाऱ्यावर विश्वास ठेवता येत नाही.

सुरक्षा तपासणीत 'यादी' या अंगभूत फंक्शनवर शेरा आलाय: पूर्णांक ओव्हरफ्लोमुळे (हिशोबाचं उत्तर ठरलेल्या बिटांत न मावल्यामुळे) हीप, म्हणजे चालताना मागून घेतलेली मेमरी, बिघडू शकतो. कोडचा सांगाडा असा, नावं मराठीत केली आहेत:

साइझ_टी एकूण = संख्या * १२;
जर (एकूण < संख्या) परत नल;
यादी = मॅलॉक(८ + एकूण);
जर (यादी == नल) परत नल;
यादी->लांबी = संख्या;
(मग सगळे घटक भरणारा लूप)

साइझ_टी हा आकार मोजायचा अनसाइन्ड (ऋण नसलेला) प्रकार, मॅलॉक हे मेमरी मागायचं फंक्शन आणि नल म्हणजे रिकामा पॉइंटर (पत्ता). प्रत्येक घटक १२ बाइटचा आहे, म्हणजे तीन ३२-बिटी शब्द. सुरुवातीचे ८ बाइट लांबी आणि क्षमतेचे. 'आरक्षित' नावाचं आणखी एक फंक्शन याच वाटेने जातं, फक्त ते लूप चालवत नाही.

बोर्डावर दिसतं ते असं. संख्या ४० कोटी दिली तर 'मेमरी संपली' अशी नीट चूक येते. ३५७९१३९४२ दिली तर दुसऱ्या ओळीतली तपासणी अडवते. पण ३५७९१३९४१ दिली की थेट हार्डफॉल्ट, म्हणजे प्रोसेसरच चूक देऊन थांबतो. डेस्कटॉपवर, म्हणजे ६४-बिटी लिनक्सवर, एएसॅन (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) लावूनही सगळ्या चाचण्या पास होतात.

एकाच आकड्यावर असं का व्हावं? आणि परिणाम फक्त क्रॅशपुरता असेल, तर याला खरंच सुरक्षेचा दोष म्हणायचं का?

---

शून्यापासून:

आकडेमोड मांडली की लगेच दिसतं. ३२ बिटांत मावणारी सगळ्यात मोठी संख्या ४२९४९६७२९५.

३५७९१३९४२ × १२ = ४२९४९६७३०४. हे मर्यादेपलीकडे गेलं, रॅप होऊन, म्हणजे शून्यापासून पुन्हा मोजत, ८ उरले. ८ हे संख्येपेक्षा लहान, म्हणून तपासणीने अडवलं.

३५७९१३९४१ × १२ = ४२९४९६७२९२. हे मावतं. गुणाकारात काहीच बिघडलं नाही, त्यामुळे तपासणी पास. पण पुढच्या ओळीत त्यात ८ मिळवले, की ४२९४९६७३०० होऊन रॅप होतं आणि उरतात ४. मॅलॉककडे फक्त ४ बाइट मागितले गेले आणि त्याने ते आनंदाने दिले. लांबीच्या रकान्यात मात्र पस्तीस कोटींहून मोठा आकडा बसला. लूप रॅमच्या टोकापलीकडे लिहायला गेला, की हार्डफॉल्ट.

म्हणजे तुमच्या बोर्डावरचं भोक गुणाकारात नाही, बेरजेत आहे. तिच्यावर तपासणीच नाही.

गुणाकाराची तपासणीही चुकीचीच आहे, ती तुमच्याकडे योगायोगाने तगली. 'रॅप झालं तर उत्तर मूळ संख्येपेक्षा लहान येतं' हे दोन अनसाइन्ड संख्यांच्या बेरजेला लागू पडतं, गुणाकाराला नाही. ४० कोटी × १२ = ४८० कोटी, रॅप होऊन ५०५०३२७०४. हे ४० कोटींपेक्षा मोठं आहे, म्हणून तपासणी पास झाली. तुमच्याकडे ५० कोटी बाइट नाहीत, म्हणून मॅलॉकने नकार दिला. हाच कोड १ जीबी रॅमच्या ३२-बिटी लिनक्सवर नेला, तर मॅलॉक तेवढी मेमरी देऊ शकेल आणि तिच्या साडेनऊ पट लिहायचा प्रयत्न होईल.

डेस्कटॉपचं कारण सोपं आहे. तिथे साइझ_टी ६४-बिटी असतो, या आकड्यांना काही रॅप होत नाही. एएसॅनला पकडायला काही घडतच नाही.

---

मेमरीवाला:

'फक्त क्रॅश' या प्रश्नावर सविस्तर लिहितो, कारण दुरुस्ती मागे पडते ती बहुधा याच समजुतीने.

'यादी' मध्ये लूप शेवटपर्यंत पळतो म्हणून क्रॅश होतो. 'आरक्षित' मध्ये लूप नाही. तिथे ४ बाइटच्या तुकड्यावर ८ बाइटचं शीर्षक लिहिलं जातं आणि क्षमता ३५७९१३९४१ म्हणून नोंदली जाते. पुढे स्क्रिप्टने यादी[१०००००] वाचलं किंवा लिहिलं, तर तुमची सीमा-तपासणी या क्षमतेशी तुलना करत असेल तर ती पास होणार. ३५७९१३९४१ घटक गुणिले १२ बाइट म्हणजे जवळजवळ अख्खी ४ जीबी पत्त्यांची जागा. पत्ताही ३२ बिटांत रॅप होतो, त्यामुळे त्या यादीच्या आधीची मेमरीसुद्धा हाताशी येते. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला हवा तो पत्ता वाचता-लिहिता येतो: इतर वस्तूंमधले फंक्शन पॉइंटर, रॅममध्ये हलवलेला इंटरप्ट व्हेक्टर टेबल, पेरिफेरलची रजिस्टरं. हा मेमरीवरचा पूर्ण ताबा आहे. दुरुस्तीचा क्रम लावताना 'आरक्षित' आधी घ्या.

लूप असलेलं फंक्शनही निर्धोक मानू नका. आरटीओएस (अनेक टास्क आळीपाळीने चालवणारी ऑपरेटिंग सिस्टिम) असेल तर लूप चालू असताना मधेच दुसरा टास्क किंवा इंटरप्ट चालतो, आणि तोवर त्याच्या मेमरीवर लिहून झालेलं असू शकतं.

हा प्रकार मोठ्या रनटाइमनाही चुकलेला नाही. रस्टच्या प्रमाणित लायब्ररीत स्ट्रिंगच्या 'रिपीट' मध्ये हेच झालं: लांबी गुणिले वेळा हा गुणाकार रॅप व्हायचा, लहान बफर मिळायचा आणि आतला अनसेफ कोड पूर्ण लांबीची नक्कल करायचा. सीव्हीई-२०१८-१०००८१० (सीव्हीई म्हणजे जाहीर दोषाचा नोंदणी क्रमांक), दुरुस्ती १.२९.१ मध्ये. पायथनच्या झिपइंपोर्टमध्ये फाईलमधूनच आलेला आकार -१ असेल, तर त्यात बेरीज होऊन जेमतेम एका बाइटचा बफर घेतला जायचा आणि वाचताना तोच -१ प्रचंड अनसाइन्ड आकडा व्हायचा. सीव्हीई-२०१६-५६३६. भाषा सुरक्षित असली तरी तिच्या रनटाइममध्ये आकार मोजणारी जागा हातानेच लिहिलेली असते.

---

घटप्रभा:

दोघांचेही आभार, आता नीट कळलं. दुरुस्तीसाठी मॅलॉकच्या जागी कॅलॉक(संख्या, १२) वापरावं का? कॅलॉक गुणाकार तपासतो असं वाचलंय. आणि प्रत्येक वेळी भागाकार करून तपासणं एम४ वर महाग पडेल का?

---

शून्यापासून:

कॅलॉकने तुमचा प्रश्न सुटत नाही. ८ बाइटचं शीर्षक त्यात बसवायचं कुठे? संख्येत एक मिळवून १२ बाइटचा एक जादा घटक मागता येईल, पण मग ती +१ रॅप होऊ शकते. शिवाय सगळी मेमरी शून्य करण्याचा खर्च वेगळा.

तुमच्याकडे घटकाचा आकार स्थिर आहे, म्हणून भागाकार कंपायलरच करून टाकेल:

जर (संख्या > (साइझ_कमाल - ८) / १२) परत नल;

साइझ_कमाल म्हणजे साइझ_टी मध्ये मावणारा सगळ्यात मोठा आकडा, त्यामुळे उजवी बाजू म्हणजे ३५७९१३९४० हा स्थिरांक. चालताना फक्त एक तुलना उरते. गुणाकार आणि बेरीज दोन्ही त्यात झाकले जातात, आणि हिशोब करण्याआधी तपासणी होते, हे महत्त्वाचं.

मी मात्र साइझ_कमाल घेणार नाही. पीटीआरडिफ_कमाल, म्हणजे २१४७४८३६४७ घ्या. मर्यादा १७८९५६९६९ येते. एकाच वस्तूतल्या दोन पॉइंटरमधला फरक मग साइन्ड प्रकारात मावतो, आणि मॅलॉक आत स्वतःचं शीर्षक जोडून ८ च्या पटीत वर नेतो तेव्हा त्यालाही रॅप होण्याइतका आकडा मिळत नाही. ग्लिबसीने (लिनक्सवरची सी लायब्ररी) २.३० पासून याच सीमेवर नकार द्यायला सुरुवात केली. त्याआधी २.२६ मध्ये टीकॅशच्या (मोकळ्या तुकड्यांच्या झटपट साठ्याच्या) वाटेवर ही तपासणी राहून गेली होती आणि कमालीच्या जवळचा आकार मागितला तर लहान तुकडा मिळू शकायचा, सीव्हीई-२०१७-१७४२६. अ‍ॅलोकेटर चुकू शकतो हे गृहीत धरूनच आपली मर्यादा खाली ठेवायची.

२५६ केबी रॅमवर तर २१८४४ च्या वर कोणतीच संख्या खरी असू शकत नाही. स्क्रिप्टसाठी तीच मर्यादा जाहीर केली तरी चालेल, पण ती कॉन्फिगरेशनमध्ये ठेवा. वरची स्थिरांकाची तपासणी काढू नका. उद्या बोर्ड बदलला की कोणीतरी तो आकडा वाढवणार.

आकार चालतानाच ठरत असेल तिथे जीसीसी ५ पासून मिळणारं बिल्टिन मल ओव्हरफ्लो वापरा. एम४ वर ६४-बिटी उत्तर देणारी गुणाकाराची सूचना आहे, खर्च नगण्य. सी२३ मध्ये हेच सीकेडी_मल नावाने आलंय. कॉर्टेक्स-एम० वर ती सूचनाही नाही आणि हार्डवेअर भागाकारही नाही. तिथे ओपनबीएसडीच्या रीअ‍ॅलॉकअ‍ॅरेची युक्ती घ्या: दोन्ही संख्या ६५५३६ पेक्षा लहान असतील तर गुणाकार ३२ बिटांत मावतोच, भागाकार फक्त उरलेल्या वेळी.

---

मेमरीवाला:

कॅलॉकवर इतरत्र विसंबला असाल, तर तुमच्या आवृत्तीत तपासणी आहे का ते बोर्डावरच बघा. कॅलॉक(३५७९१३९४२, १२) मागा आणि मिळालेला पॉइंटर छापा. नल यायला हवं. दुसरं काही आलं तर तिथे ८ बाइट मिळालेत. ६५५३६ × ६५५३७ घेऊ नका. ते रॅप होऊन ६५५३६ उरतात, आणि मोकळी मेमरी कमी असेल तर भलत्याच कारणाने नल येऊन फसाल. पॉइंटर छापणंही गरजेचं, नाहीतर कंपायलर न वापरलेला कॅलॉक उडवून टाकू शकतो.

डीएमएसाठी (प्रोसेसरला मधे न घेता होणाऱ्या मेमरीच्या नकलेसाठी) मेमअलाइन (ठरावीक पटीच्या पत्त्यावर मेमरी देणारं फंक्शन) वापरत असाल तर न्यूलिब ४.०.० च्या आधीची नको. २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने बॅडअ‍ॅलॉक नावाने एम्बेडेड अ‍ॅलोकेटरमधले असे दोष जाहीर केले, त्यात न्यूलिबचा हा दोष सीव्हीई-२०२१-३४२० म्हणून आहे.

एसब्रेक, म्हणजे मॅलॉकसाठी हीप वाढवणारं फंक्शन, बहुतेक वेळा बोर्डाच्या नमुना कोडमधून उचललेलं असतं. तेही उघडून बघा. 'हीपचं टोक + वाढ > स्टॅक' अशी तुलना असेल तर वाढ ऋण आल्यावर ती निमूट पास होते आणि हीप मागे सरकतो. 'वाढ > स्टॅक - हीपचं टोक' अशी लिहा आणि ऋण वाढ वेगळी हाताळा.

आता सगळ्यात आधीची पायरी, जी सांगाड्यात दिसत नाही. स्क्रिप्टमधली संख्या डबल (दशांश संख्येचा प्रकार) असेल, तर ती साइझ_टी मध्ये बदलतानाच घात होऊ शकतो. ऋण किंवा मर्यादेबाहेरचा डबल अनसाइन्डमध्ये बदलणं सी मध्ये अव्याख्यात आहे, म्हणजे काहीही होऊ शकतं. एआरएमवर -१ चा ० होतो आणि १० चा २० वा घात ४२९४९६७२९५ वर थांबतो. एक्स८६ वर वेगळंच उत्तर येतं. बदलण्याआधी डबलमध्येच तपासा:

जर (!(क्ष >= ० && क्ष <= मर्यादा)) चूक;

नकार बाहेर ठेवलाय तो मुद्दाम. क्ष 'नॅन' (संख्याच नसलेलं मूल्य) असेल तर दोन्ही तुलना खोट्या ठरतात आणि तोही अडतो. 'क्ष < ० || क्ष > मर्यादा' असं लिहिलं तर नॅन सुटून जातो.

---

घटप्रभा:

मर्यादेची तपासणी दोन्ही फंक्शनांत घातली, डबलचीही. तिन्ही आकड्यांना आता नीट चूक येते. डेस्कटॉपवर हे पकडणारी चाचणी कशी लावू? आणि यादी वाढवताना क्षमता दीडपट होते, तिथे काय बघायचं?

---

शून्यापासून:

डेस्कटॉपवर एम३२ पर्याय देऊन ३२-बिटी बिल्ड करा, सोबत एएसॅन. एएसॅनला 'अ‍ॅलोकेटर मे रिटर्न नल' हा पर्याय १ द्या, नाहीतर मोठी मागणी आली की तो तिथेच थांबतो आणि तुमची नल हाताळणारी वाट तपासलीच जात नाही. यूबीसॅनकडून (अव्याख्यात वर्तन पकडणारं साधन) इथे फार अपेक्षा नको. जीसीसीचा यूबीसॅन साइन्ड ओव्हरफ्लो पकडतो, आणि तुमचा गुणाकार अनसाइन्ड आहे. क्लँगमध्ये अनसाइन्डसाठी वेगळा पर्याय आहे. तो हॅश फंक्शनांवर खूप ओरडेल, ती फंक्शनं वगळण्याची खूण लावून घ्या. एक फरक ध्यानात असू द्या: ३२-बिटी एक्स८६ लिनक्सवर स्ट्रक्टमधला डबल ४ च्या पटीत बसतो, एआरएमवर ८ च्या. घटकात पुढे डबल आला तर आकार १२ की १६ हे दोन्हीकडे वेगळं येईल. स्टॅटिक असर्ट लावा.

चाचणीचे आकडे: ०, १, ६५५३५, ६५५३६, १७८९५६९६९, १७८९५६९७०, ३५७९१३९४०, ३५७९१३९४१, ३५७९१३९४२, ४० कोटी, २१४७४८३६४७, २१४७४८३६४८, ४२९४९६७२९५. सोबत -१, नॅन आणि अनंत.

वाढवताना नवी क्षमता = जुनी + जुनी / २ हा हिशोब मर्यादेपलीकडे जात असेल तर थेट मर्यादेवर आणा. तिथेही मागितलेली लांबी मावत नसेल तरच चूक. क्षमतेचा रकाना रीअ‍ॅलॉक यशस्वी झाल्यावरच बदला. आधी बदलला आणि रीअ‍ॅलॉकने नल दिला, तर जुन्या लहान बफरवर नवी मोठी क्षमता नोंदलेली राहते, आणि ओव्हरफ्लो न होताच वर सांगितलेली 'आरक्षित'ची स्थिती पुन्हा तयार होते. रीअ‍ॅलॉकचं उत्तर तात्पुरत्या पॉइंटरमध्ये घ्या.

---

मेमरीवाला:

याला जोडून: लांबी कुठे साइन्ड इंट मध्ये असेल आणि 'लांबी + न < लांबी' अशी तपासणी असेल, तर ती शोधून काढा. साइन्ड ओव्हरफ्लो अव्याख्यात असल्याने जीसीसी ओ२ (ऑप्टिमायझेशनची पातळी) वर ती ओळ 'न ऋण आहे का' एवढ्यावर आणतो. न धन असल्याचं त्याला आधीच ठाऊक असेल तर ओळच उडते. 'न > मर्यादा - लांबी' असं लिहिलं की काम होतं. न ऋण नाही हे मात्र आधी तपासा.