अनुभव धागा : दादरला न जाता दूरगावी कसे पोचलात?

मंडळी, ठाण्यात आणि नवी मुंबईत राहून लांबच्या प्रवासासाठी आधी उलटं दादर गाठायची आपल्याला सवय लागली आहे. सामान घेऊन लोकलमध्ये घुसायचं आणि मग लांब पल्ल्याच्या गाडीत बसून पुन्हा ठाण्यावरूनच पुढे जायचं. गाडी सुटते कुठून हे सगळे बघतात, ती जाते कुठून हे कोणी बघत नाही. तुम्हाला सापडलेला थेट मार्ग इथे लिहा. सोबत म्हातारी माणसं असतील तर झेपेल का, तेही सांगा.

कामोठेकर
आईला द्वारकेला न्यायचं होतं. जो तो म्हणे, बोरिवलीहून जा. पण केरळकडून कोकण रेल्वेने येणाऱ्या कितीतरी गाड्या मुंबईत शिरतच नाहीत. पनवेलहून दिवा, भिवंडी, कामण करत थेट वसईला पश्चिम रेल्वेला लागतात. एर्नाकुलम–ओखा एक्सप्रेस त्यातलीच. पनवेलला बसलो ते द्वारकेलाच उतरलो. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे मधले जिने आणि धावपळ वाचली हे मला वेळेपेक्षा मोलाचं वाटलं. गाडी रोज नसते, आधी वार बघा. राजस्थानकडे जाणाऱ्यांनीही पनवेलहून शोधावं, मरुसागर एक्सप्रेस इथूनच अजमेरला जाते.

ओतूरची लेक
माझं सासर कोलशेतला. माहेरी जायचं तर पुण्यावरून जा असं अजूनही सांगतात. कशासाठी? कल्याणहून मुरबाड, माळशेज घाट, की आलंच ओतूर. तीच वाट पुढे आळेफाट्यावरून नगरला जाते. एसटी आहे, जागाही बहुतेक मिळते. मात्र जुलै-ऑगस्टमध्ये घाटात दरडी कोसळतात, धबधब्यांची गर्दी वेगळीच. निघण्याआधी डेपोत फोन करतेच.

घणसोलीहून
कोकणात नकाशावरचं अंतर फसवं असतं. मावशी दापोलीला, कुलदैवत वेळणेश्वरला. समोरासमोर म्हणावं तर मध्ये वाशिष्ठीची खाडी. रस्त्याने जायचं तर खेड, चिपळूण असा मोठा वळसा. आम्ही दाभोळला गाडीसकट फेरीबोटीत चढतो आणि धोपाव्याला उतरतो, तिथून गुहागर जवळच. असंच दिघीहून आगरदांड्याला, बागमांडल्याहून वेसवीला. शेवटची बोट किती वाजता हे मात्र गावातच विचारायचं, मोबाइलवरच्या वेळेवर विसंबू नका. आणि ज्यांना थेट गुहागरच गाठायचंय त्यांनी हे करू नये, त्यांना महामार्गाने चिपळूणच सोपं.

वर्ध्याचा, सध्या माजिवडा
जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून समृद्धी महामार्ग आपल्या दारात आलाय. आमणे म्हणजे भिवंडीच्या अलीकडे-पलीकडेच. नागपूरपर्यंत ७०१ किलोमीटर, कसाऱ्याचा घाट नाही, गावं नाहीत. पण एकट्याने सलग चालवायला मी कुणालाही सांगणार नाही. सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळा लागतो, आणि १२० च्या वेगात तो एक क्षणही फार असतो. दोघं चालवणारे असतील तरच निघा. नाहीतर संध्याकाळची विदर्भ एक्सप्रेस ठाण्याला थांबते, सकाळी वर्धा.

ऐरोलीची आजी
उरणला मुलीकडे जाताना पूर्वी नेरुळ की बेलापूर, मग बस, असं चालायचं. जानेवारी २०२४ पासून लोकल उरणपर्यंत जाते. ऐरोलीहून नेरुळ, तिथे गाडी बदलली की झालं.

धागाकर्ती
खूप छान चाललंय! कामोठेकर, वसईचा हा फाटा ठाण्यातल्या लोकांनाही दिव्याहून उपयोगी आहे, मेमू (लोकलसारखी कमी पल्ल्याची गाडी) असते.
थेट गाडी नसेल आणि मध्ये बदलावीच लागणार असेल, तर ऑनलाइन तिकीट काढताना दोन्ही पीएनआर (आरक्षणाचे क्रमांक) जोडून घ्या. ही सोय २०१९ पासून आहे. पहिली गाडी उशिरा आल्यामुळे दुसरी चुकली, तर न झालेल्या प्रवासाचे पैसे परत मागता येतात. दोन्ही तिकिटांवर प्रवाशांची नावं सारखीच हवीत, आणि पहिली गाडी जिथे सोडाल तिथूनच दुसरी पकडायला हवी.
सोलापूर, लातूरकडचे कोणी आहेत का? कल्याणहून चढणाऱ्यांनी जरूर लिहा.