मदत हवी आहे: पोकेएमएमओत ब्रीडिंग केलं की आईबाप दोन्ही कायमचे जातात का? भाच्याचा ग्याराडोस वाचवायचाय

नमस्कार मंडळी. मी सेलूचा, वर्ध्याचं नाही, परभणीतलं सेलू. झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचं दुकान आहे. पोकेमॉनचं ज्ञान म्हणाल तर शाळेतून आल्यावर कार्टून नेटवर्कवर हिंदीत जेवढं बघितलं तेवढंच, पिकाचू, ॲश, टीम रॉकेट, पुढं सगळा अंधार.

माझा भाचा जिंतूरहून उन्हाळ्याच्या सुट्टीत आलाय, आता सातवीत जाईल. दुपारी दुकानात चिटपाखरू नसतं, ऊन असं की कुत्रं पण रस्त्यावर दिसत नाही, म्हणून मागच्या कॉम्प्युटरवर तो पोकेएमएमओ खेळायलाय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा कंपनीचा गेम नाही, चाहत्यांनी बनवलेला हाय, जुन्या गेमचे तेच नकाशे पण ऑनलाईन, म्हणजे तुम्ही गावातून चालले की बाजूनं दुसरे शंभर जण पळत असतात, कुणी ब्राझीलचं कुणी कुठलं. फुकट हाय. कांटो म्हणजे गेममधला एक प्रदेश, तो पूर्ण केला पोरानं, एलिट फोर म्हणजे शेवटचे चार तगडे खेळाडू, ते पण हरवले.

त्याचं सगळ्यात आवडतं पोकेमॉन म्हणजे ग्याराडोस. व्हर्मिलियन गावात जुना गळ मिळतो त्या गळानं त्यानं मॅजिकार्प धरला, नुसतं पाण्याबाहेर तडफडणारं मासं ते, त्याचं नाव ठेवलं मरळ, कारण दाजी येलदरीकडून मरळ आणतात आणि ती याला फार आवडते. वीस लेव्हलला त्याचा ग्याराडोस झाला तेव्हा पोरगं दुकानभर नाचलं, एक आजोबा सातबाऱ्याची प्रिंट घ्यायला आले होते, ते पण हसायले.

आता मुद्दा. गेमच्या चॅटमधे कुणीतरी त्याला सांगितलं की तुझ्या ग्याराडोसचे आयव्ही बेकार आहेत, दुसऱ्या खेळाडूंशी लढायचं तर ब्रीडिंग कर, चांगला पिल्लू काढ. बरं म्हणलं. मग तोच माणूस म्हणे की ब्रीडिंग केलं की आईबाप दोन्ही जातात, परत मिळत नाहीत. पोरगं तेव्हापासून तोंड पाडून बसलंय, मला विचारतंय, मामा, मरळला देऊन टाकायचं का. मी काय सांगू? टीव्हीतल्या पोकेमॉनमधे असलं काही नव्हतं बुवा.

तर हे खरं हाय का, आणि मरळ न घालवता चांगला ग्याराडोस करता येतो का, आणि हे आयव्ही म्हणजे नेमकं काय भानगड हाय जरा मराठीत सांगा, इंग्रजी व्हिडीओ बघितले पण ते इतकं भराभर बोलतात की डोकं दुखायलं. शाळा सुरू व्हायच्या आत सांगा, आणि पीकविम्याची गर्दी सुरू झाली की मागचा कॉम्प्युटर पण मला लागतो.

लातूरकर:
मामा, खरंय ते. कंपनीच्या मूळ गेममधे आईबाप डेकेअरमधे निवांत राहतात आणि कितीही अंडी देतात, पण पोकेएमएमओत दोघं खर्ची पडतात. मुद्दाम केलंय तसं. हजारो लोक एकाच बाजारात विकायले घ्यायलेत, आईबाप राहिले असते तर महिन्याभरात परफेक्ट पोकेमॉन कोथिंबिरीच्या भावानं गेले असते. मला नियम पटतो, पण पहिल्यांदा कळल्यावर पोटात गोळा येतो हे बरोबर हाय. अन् एकदा ओके दाबलं की माघारी येणं नाही, म्हणून पोराला आधीच सांगून ठेवा की ब्रीडिंगच्या खिडकीत मरळ ठेवायचाच नाही.

छ. संभाजीनगर, आयटीवाला:
डेटाच आहे तो शेवटी. सर्व्हरवरची एक ओळ. गेली तर गेली, दुसरा पकडा.

लातूरकर:
तुम्ही कुत्रं पाळलंय का कधी साहेब.

नांदेडचा होस्टेलवाला:
भाऊ मी बरेच दिवस खेळायलोय, सांगतो नीट. आयव्ही म्हणजे जन्मजात गुण समजा. सहा गोष्टी असतात, एचपी, अटॅक, डिफेन्स, स्पेशल अटॅक, स्पेशल डिफेन्स, स्पीड, आणि प्रत्येकीला ० ते ३१ मधला एक आकडा पोकेमॉन पकडतानाच ठरलेला असतो. शंभर लेव्हलला ० वाला आणि ३१ वाला यांच्यात त्या स्टॅटमधे ३१ चा फरक पडतो. गोष्टीतले जिम आणि एलिट फोर खेळायला याची काडीचीबी गरज नाही, ते तर तुमच्या भाच्यानं दाखवूनच दिलं. पण माणसाशी लढताना समोरच्याचा स्पीड एकानं जरी जास्त असला तरी तो आधी मारतो, तिथं बोंब होते.

आता ब्रीडिंगचा हिशोब ऐका. ब्रेस नावाची वस्तू असते, पॉवर ब्रेसर अटॅकसाठी, पॉवर अँकलेट स्पीडसाठी अशा वेगवेगळ्या. आईच्या हातात एक द्यायची, बापाच्या हातात एक, मग तो तो गुण पिल्लात नक्की उतरतो. एकाला फक्त अटॅक ३१, दुसऱ्याला फक्त स्पीड ३१, दोघांचं पिल्लू दोन्हीत ३१. तसले दोन घेतले, एक गुण सारखा असलेले, की तीन. म्हणजे दर पायरीला पोकेमॉन दुप्पट लागतात, दोन गुणांना दोन, तीनला चार, चारला आठ, पाचला सोळा. आणि स्वभाव म्हणजे नेचर पण पाहिजे तसा हवा असला तर एकाच्या हातात एव्हरस्टोन द्यावा लागतो, मग ब्रेसला तो हात मोकळा राहत नाही अन् खर्च अजून वाढतो. ब्रेस पण त्या वापरात संपतात. म्हणून म्हणतो सहावी सातवीच्या पोराला पाच गुणांच्या नादी लावू नका, सुट्टी संपून दिवाळी येईल.

पण आधी मला एक सांगा. मरळच्या मिशा कोणत्या रंगाच्या हायत?

धागाकर्ता:
मिशा? थांबा विचारतो.

निळ्या म्हणतो. का हो?

नांदेडचा होस्टेलवाला:
मग नर हाय तो! ग्याराडोसमधे मादीच्या मिशा पांढऱ्या आणि नराच्या निळ्या असतात. समरीच्या पानावर नर मादीचं चिन्ह पण असतंय, तिथं खात्री करा. पिल्लू आईच्या जातीचं निघतं ना. मरळ बाप म्हणून दिला असता तर आई जी असेल तिच्या जातीचं पिल्लू निघालं असतं, मॅजिकार्पचं पिल्लू फक्त मॅजिकार्प किंवा ग्याराडोसच्या मादीबरोबर, नाहीतर डिट्टोबरोबर (जवळपास कुणाशीबी जोडी जमणारा पोकेमॉन) दिला असता तरच. त्यामुळं चॅटमधल्या त्या शहाण्याचं ऐकून दुसऱ्या जातीच्या कुठल्याबी मादीबरोबर लावला असता तर मरळ पण गेला असता आणि ग्याराडोस पण मिळाला नसता.

लातूरकर:
हे भारी निघालं.

नांदेडचा होस्टेलवाला:
तर करायचं असं, त्याच जुन्या गळानं मॅजिकार्पच्या माद्या धरायच्या, त्या रग्गड मिळतात. अंड्याचे गट म्हणजे कुणाची जोडी कुणाशी जमते ते, मॅजिकार्पचे दोन, वॉटर टू आणि ड्रॅगन, म्हणून वॉटर टूमधलाच गोल्डीन पण बाप म्हणून चालतो, तो पण गळालाच लागतो. जीटीएल म्हणजे गेमचा जो बाजार आहे तिथं एका गुणात ३१ असलेले असले मासे स्वस्तात पडलेले असतात, कारण ते ब्रीडिंगशिवाय कशाच्याच कामाचे नसतात. पिल्लू मादी पाहिजे का नर ते थोडे गेममधले पैसे देऊन ठरवता येतं, तर शेवटपर्यंत मॅजिकार्पची बाजू मादी ठेवत जायची. अटॅक आणि स्पीड दोनच गुण धरा, स्वभाव ॲडमंट नाहीतर जॉली. ॲडमंटनं अटॅक दहा टक्के वाढतो, जॉलीनं स्पीड, दोन्हीत स्पेशल अटॅक दहा टक्के कमी होतो पण ग्याराडोसला तो तसाही नको असतो, त्याचा मूळ अटॅक १२५ आणि स्पेशल अटॅक फक्त ६०. मरळला हातबी लावायचा नाही यात कुठं.

छ. संभाजीनगर, आयटीवाला:
बरं मघाशी मी जरा तुटक बोललो, कामाच्या गडबडीत होतो. एक उपयोगाची गोष्ट सांगतो. ब्रीडिंगच्या आधी ईव्ही बघा. आयव्ही बदलत नाहीत, पण ईव्ही म्हणजे कमावलेले गुण, लढून मिळतात, एकूण ५१० आणि एका स्टॅटमधे जास्तीत जास्त २५२. शंभर लेव्हलला दर ४ ईव्हीला १ गुण, म्हणजे २५२ ला ६३. आयव्हीचा सगळ्यात मोठा फरक ३१ चा, आणि ईव्हीचा ६३ चा. मग आधी काय सुधारायचं ते तुम्हीच सांगा. मरळनं गोष्ट खेळताना जे समोर येईल ते हरवलं असणार, त्यामुळं त्याचे ईव्ही सगळीकडं सांडलेले असतील, थोडे एचपीत, थोडे डिफेन्समधे, कुठं काय. ते काढायला बेरी असतात, पोमेगनं एचपीचे कमी होतात, केल्प्सीनं अटॅकचे, टमाटोनं स्पीडचे. नको तिथले काढा आणि अटॅक, स्पीडमधे भरा, प्रोटीन आणि कार्बोस विकत मिळतात, नाहीतर लढून. मॅजिकार्प हरवला की स्पीडचा एक ईव्ही मिळतो, म्हणजे मरळला त्याच्याच भावंडांवर सराव करता येईल. मग तो मित्रांबरोबर लढण्याइतका नक्की होतो.

धागाकर्ता:
हे बेस्ट सांगितलं. पोरगं खुश. भावंडांवर सराव म्हणल्यावर आधी हसलं आणि मग म्हणे ते पण बरोबर नाही, पण चालंल, ते मरतात थोडीच, बेशुद्ध पडतात.

नवीन सभासद, बीड:
मलाबी खेळायचंय, रॉम कुठं भेटल? लिंक टाका कुणीतरी.

लातूरकर:
लिंक इथं कुणी टाकणार नाही भाऊ, धागा उडंल. पोकेएमएमओवाले स्वतः रॉम देत नाहीत, मूळ गेमची फाईल खेळणाऱ्यानंच आणायची असते, स्वतःच्या कार्ट्रिजवरून काढलेली. ब्लॅक किंवा व्हाईट यातलं एक लागतंच. कांटोसाठी फायररेड, होएनसाठी एमराल्ड, सिनोहसाठी प्लॅटिनम, जोहटोसाठी हार्टगोल्ड नाहीतर सोलसिल्व्हर.

आणि मामा, तुम्हाला पण एक सांगून ठेवतो. हे चाहत्यांचं काम हाय, कंपनीचं पाठबळ नाही. पोकेमॉन युरेनियम नावाचा असाच चाहत्यांचा गेम होता, बनवायला नऊ वर्षं लागली, २०१६ मधे आला, पंधरा लाखांच्या वर डाऊनलोड झाले आणि नोटिसा आल्यावर बनवणाऱ्यांनीच लिंका काढून टाकल्या. पोकेएमएमओ २०१२ पासून चालू हाय, चांगला चालू हाय, पण खरे पैसे टाकताना विचार करा. आणि खऱ्या पैशानं दुसऱ्या खेळाडूकडून पोकेमॉन घेणं नियमातच बसत नाही, अकाउंट जातं. कुणी पासवर्ड मागितला, तुझा पोकेमॉन दे मी चांगला करून परत देतो म्हणला, तर सरळ ब्लॉक.

धागाकर्ता:
हे बरं सांगितलं, असला एक मेसेज आला होताच त्याला. पैशाचं तर नावच नाही, घरी कळलं तर ताई मलाच झोडपंल.

अजून एक, सुट्टी संपून जिंतूरला गेल्यावर त्याला फोनवर खेळता येईल का तेच अकाउंट? आणि लाईटचं काय, इथं दुपारी जाती येती.

छ. संभाजीनगर, आयटीवाला:
हो, अँड्रॉइडवर चालतं, सगळं सर्व्हरवर सेव्ह असतं, तेच अकाउंट उघडायचं. फोनवर ती गेमची फाईल मात्र परत टाकावी लागेल. लाईटचं म्हणाल तर राऊटर इन्व्हर्टरवर घ्या, आणि लाईट जायच्या वेळेला माणसाबरोबरची मॅच सुरूच करू नका, गळ टाकत बसायला काही हरकत नाही.

धागाकर्ता:
माद्या धरणं सुरू झालंय. गोल्डीन पण धरायलाय. पोरानं सगळ्यांना नावं ठेवायला घेतली होती, मी म्हणलं बाबा यांना नावं ठेवू नको, मग परत रडशील. डिट्टो कुठं मिळतो तेवढं सांगा, नंतर लागला तर.

नांदेडचा होस्टेलवाला:
सिनाबार बेटावर जुना बंगला हाय, पोकेमॉन मॅन्शन, तिथं. पण आत्ता डिट्टोची गरज नाही, मादी मॅजिकार्प असताना उगं खर्च कशाला.

आणि भाच्याला सांगा, ईव्ही झाले की मला मेसेज कर, एक मैत्रीची मॅच खेळू. मरळला ड्रॅगन डान्स शिकवून आण म्हणावं, एका वेळेला अटॅक आणि स्पीड दोन्ही दीडपट होतात. पण माझ्याकडं विजेचा जोल्टिऑन हाय हे पण सांगा, पाणी आणि उडणारा असा ग्याराडोस विजेला चौपट कच्चा असतो, तेव्हा डिगलेट सोबत ठेव म्हणावं, जमिनीवाल्याला वीज लागतच नाही. तो व्हर्मिलियनच्या बाजूच्या गुहेत मिळतो.

धागाकर्ता:
सांगितलं. म्हणे डिगलेट हाय आधीपासून, त्याचं नाव उंदीर. शनिवारी संध्याकाळी येतो म्हणतोय, लाईट असली तर.