यूएसबी-सी हब घ्यावा की डॉक? मॉनिटर, डीएससी टोकन आणि बॅकअपची डिस्क एकाच लॅपटॉपला जोडायची आहे

पंचगंगाकाठ

नमस्कार. मी कोल्हापूरला करसल्लागार म्हणून काम करते. नुकत्याच घेतलेल्या लॅपटॉपला डाव्या बाजूस दोन यूएसबी-सी पोर्ट आणि उजव्या बाजूस जुन्या आयताकृती पद्धतीचा एकच यूएसबी पोर्ट आहे. एचडीएमआय आणि लॅन यांपैकी एकही सोय त्यात नाही आणि चार्जरही यूएसबी-सीमधूनच लावावा लागतो. मला जोडायच्या वस्तू अशा: २७ इंची फोर-के मॉनिटर, अशिलांची विवरणपत्रे भरताना लागणारे डीएससी (डिजिटल सहीचे) टोकन, स्कॅनर, प्रिंटर, टॅलीच्या बॅकअपची हार्ड डिस्क, कीबोर्ड आणि माउसचा सामाईक रिसीव्हर आणि राउटरकडून येणारी लॅनची केबल.

त्यासाठी एका पोर्टातून अनेक खाचा काढून देणारे हब किंवा त्याचाच मोठा, बहुधा स्वतःचा अडॅप्टर असलेला प्रकार, म्हणजे डॉक, यांपैकी एक निवडायचे आहे. दुकानात विचारले तर ‘सेव्हन-इन-वन हब घ्या, सगळे त्यात येते’ एवढेच उत्तर मिळाले. प्रत्यक्षात दीड-दोन हजार रुपयांपासून वीस हजारांच्या पुढेपर्यंत वस्तू दिसतात आणि पोर्टांची संख्या मात्र साधारण सारखीच असते. मग किमतीत एवढा फरक कशामुळे पडतो? आणखी एक अडचण आहे. पावसाळ्यात आमच्याकडे दिवसातून अनेकदा वीज जाते. मॉनिटर आणि राउटर इन्व्हर्टरवर आहेत, लॅपटॉपचा चार्जर मात्र साध्या प्लगवर आहे. त्याचा या निवडीशी काही संबंध आहे का?

साधा_अभियंता

संबंध आहे, आणि तो बराच आहे. परंतु त्याआधी लॅपटॉपचा पोर्ट तपासावा लागेल. यूएसबी-सी हे केवळ खाचेच्या आकाराचे नाव आहे. त्या खाचेतून चित्र बाहेर जाते की नाही, चार्जिंग होते की नाही आणि माहिती कोणत्या वेगाने जाते, हे प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळे असते. स्वस्त लॅपटॉपमध्ये तर दोन शेजारी पोर्ट दिसायला सारखे असूनही एकातून चित्र मिळते आणि दुसऱ्यातून मिळत नाही, असेही आढळते. पोर्टाजवळ विजेच्या बाणाचे चिन्ह असेल तर तो थंडरबोल्ट, म्हणजे याच खाचेतून चालणारी अधिक वेगवान पद्धत. डिस्प्लेपोर्टचे चिन्ह असेल तर त्यातून चित्र बाहेर काढता येते. चिन्ह नसेल तर उत्पादकाच्या संकेतस्थळावर नेमका मॉडेल क्रमांक टाकून तांत्रिक माहिती पाहावी. खोक्यावरच्या जाहिरातीवर विसंबू नये.

किमतीतील फरकाचे पहिले कारण मॉनिटर हे आहे. यूएसबी-सीमध्ये वेगवान माहितीसाठी चार मार्गिका असतात. चित्र आणि यूएसबी ३ या दोन्ही गोष्टी एकाच तारेतून न्यायच्या असल्या की साधे हब त्यांतल्या दोन मार्गिका चित्राला देते आणि दोन यूएसबीला. जुन्या डिस्प्लेपोर्ट १.२ मानकात दोन मार्गिकांमधून प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे ८.६ गिगाबिट एवढेच चित्र जाते, आणि फोर-के ६० हर्ट्झला (सेकंदाला ६० वेळा नवे चित्र) त्याहून बरेच जास्त, म्हणजे १२ गिगाबिटांच्या पुढे लागते. म्हणून अशी हबे ३० हर्ट्झवर थांबतात. डिस्प्लेपोर्ट १.४ मध्ये हीच क्षमता जवळजवळ १३ गिगाबिट होते आणि फोर-के ६० त्यात कसेबसे, पण नीट मावते. मात्र त्यासाठी लॅपटॉप आणि हब या दोघांनीही १.४ पाळले पाहिजे, आणि हबाचा एचडीएमआय किमान २.० असला पाहिजे.

खोक्यावर ‘फोर-के’ हा शब्द ठळक असतो आणि ‘३० हर्ट्झ’ बारीक अक्षरांत कुठेतरी मागे असते. चित्रपट पाहणाऱ्याचे त्यावाचून फारसे अडत नाही. आपल्याला मात्र दिवसभर एक्सेलचे तक्ते वरखाली सरकवायचे आहेत, आणि ३० हर्ट्झवर माउसचा बाण ओढल्यासारखा चालतो. माझ्या मते आपल्या खरेदीतली ही एकच अट अशी आहे की जिच्यात तडजोड करू नये.

पंचगंगाकाठ

धन्यवाद. उत्पादकाच्या संकेतस्थळावर पाहिले. दोन्ही यूएसबी-सी पोर्ट १० गिगाबिटांचे आहेत, दोन्हींत डिस्प्लेपोर्ट १.४ आणि चार्जिंगची सोय आहे, थंडरबोल्ट नाही. चार्जर ६५ वॅटचा आहे. मॉनिटरच्या मागे एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट, दोन यूएसबी आणि एक चौकोनी यूएसबी खाच, अशी रचना आहे.

तारजोड

मग वीस हजारांचा प्रश्न निकालात निघाला. त्या किमतीतले बहुतेक डॉक थंडरबोल्टसाठी बनवलेले असतात. थंडरबोल्ट ३ च्या सुरुवातीच्या काळातले अनेक डॉक साध्या यूएसबी-सी पोर्टवर चालतच नाहीत. नंतरचे चालतात, पण आपल्या पोर्टाच्या वेगाने. ४० गिगाबिटांचे पैसे मोजून १० गिगाबिट वापरण्यात अर्थ नाही.

आता विजेविषयी. हबावर ‘१०० वॅट पीडी’ (यूएसबी-सीमधून वीज देण्याची पद्धत) असे छापलेले असते, त्याचा अर्थ हब १०० वॅट देते असा नसून, तेवढ्यापर्यंतचा चार्जर त्याला लावता येतो, इतकाच आहे. त्यातून हब स्वतःसाठी आणि आपल्या पोर्टांसाठी साधारण १० ते १५ वॅट राखून ठेवते. म्हणजे आपला ६५ वॅटचा चार्जर हबात लावला तर लॅपटॉपला ५० च्या आसपास मिळतील. कार्यालयीन कामाला ते पुरतात, पण बॅटरी भरायला वेळ लागतो आणि काही लॅपटॉप ‘मंद चार्जर’ असा इशारा देतात. मोठा चार्जर घ्यायचा झाल्यास केबलही तशीच लागते. ६० वॅटच्या पुढे ५ अँपिअरची, आत ओळख पटवणारी चिप असलेली केबल असेल तरच जास्त वीज वाहते.

परंतु आपल्याकडे दोन पोर्ट आहेत, आणि इथेच आपल्या पावसाळी प्रश्नाचे उत्तर आहे. चार्जर हबात लावूच नये. तो दुसऱ्या यूएसबी-सी पोर्टात थेट लॅपटॉपला लावावा.

कारण असे. चार्जर हबात असताना सगळ्या वस्तूंना वीज त्या चार्जरकडून मिळत असते. वीज गेली की हब आणि लॅपटॉप यांच्यात ‘आता वीज कोण कोणाला देणार’ याची बोलणी नव्याने होतात, आणि त्या क्षणभरात अनेक हबे आपल्यावरच्या सर्व वस्तू सोडून पुन्हा जोडतात. पडदा एकदा काळा होऊन परत आला तर बिघडत नाही; पण त्याच वेळी डिस्कवर टॅलीचा बॅकअप लिहिला जात असेल तर फाइल अर्धवट राहते, आणि क्वचित डिस्कची पूर्ण मांडणीच बिघडते. वीज परत येते तेव्हा हाच प्रकार पुन्हा घडतो. चार्जर थेट लॅपटॉपला असेल तर हबाला कायम लॅपटॉपच वीज देत असतो. बाहेर लाइट गेली काय अन् आली काय, हबाला त्याचा पत्ताही लागत नाही.

स्वतःचा अडॅप्टर असलेल्या डॉकचे याच्या उलट आहे. त्याची वीज गेली की पोर्ट, लॅन, डिस्क सर्व एकदम बंद. तो घ्यायचाच असेल तर इन्व्हर्टरच्याच लाइनवर ठेवावा, आणि इन्व्हर्टरला यूपीएस मोडची कळ असेल तर ती त्या बाजूला करून ठेवावी. साध्या मोडमध्ये इन्व्हर्टरकडे वळायला जो वेळ लागतो तेवढ्यात डॉक बंद पडू शकतो.

माळरान

वरील मताशी मी पूर्णपणे सहमत नाही. रोज घर आणि कार्यालय असा लॅपटॉप नेणाऱ्याला एकच केबल काढायची आणि एकच लावायची, हे सुख मोठे आहे आणि चार्जर वेगळा लावण्यात ते जाते. माझ्या टेबलावर अडॅप्टरवाला यूएसबी-सी डॉक आहे, तो छोट्या यूपीएसवर ठेवला आहे, आणि मला त्याची खंत नाही. पण पंचगंगाकाठ यांचा लॅपटॉप टेबलावरून फारसा हलत नसेल, तर दोन केबलांचा त्रास नगण्य ठरेल, हेही मान्य.

पुढे दुसरा मॉनिटर घेण्याचा विचार असेल तर एक सावधगिरी. दोन एचडीएमआय असलेली बरीच हबे एमएसटी पद्धतीने, म्हणजे एकाच डिस्प्लेपोर्ट जोडणीतून अनेक पडद्यांना, चित्राची विभागणी करतात. विंडोजवर दोन्ही पडद्यांवर वेगवेगळे चित्र मिळते, मॅकबुकवर मात्र दोन्हीकडे एकच चित्र दिसते, कारण मॅकओएस ही पद्धत स्वीकारत नाही. चित्र यूएसबीच्या माहितीसारखे पाठवणारी डिस्प्लेलिंकची हबे हा अडथळा ओलांडतात, पण त्यांना स्वतंत्र ड्रायव्हर लागतो आणि चित्र दाबून पाठवण्याचा भार प्रोसेसरवर पडतो.

पंचगंगाकाठ

लॅपटॉप टेबलावरच असतो, त्यामुळे चार्जर वेगळा लावायला माझी हरकत नाही. मग राहता राहिला तो उजवीकडचा एकमेव यूएसबी पोर्ट. माझा कल तिथे डीएससी टोकन लावण्याकडे आहे, कारण सही करताना मध्येच संपर्क तुटला तर पोर्टलवर सर्व पुन्हा करावे लागते.

साधा_अभियंता

शंका रास्त आहे, पण मी त्या जागी कीबोर्ड आणि माउसचा रिसीव्हर लावीन. यूएसबी ३ च्या पोर्टांतून आणि केबलांतून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओ गोंगाट बाहेर पडतो. इंटेलने २०१२ मध्येच त्याबद्दल सविस्तर लिहिले आहे. बिनतारी माउसचे रिसीव्हर नेमके त्याच पट्ट्यात चालतात. हबात डिस्कच्या शेजारी रिसीव्हर खोचला आणि बॅकअप सुरू केला की माउस अडखळू लागतो, आणि माणूस माउसचे सेल बदलत बसतो. आपले हब डावीकडे आणि रिसीव्हर उजवीकडे राहिला, तर मधल्या अंतरानेच काम भागेल.

टोकनला वेगही लागत नाही आणि वीजही अत्यल्प लागते, त्यामुळे चार्जरपासून स्वतंत्र असलेल्या हबात ते निर्धास्त चालेल. शिवाय सही झाली की टोकन काढून कुलपात ठेवणे हीच योग्य पद्धत आहे, ते दिवसभर खोचून ठेवू नये. स्कॅनर आणि प्रिंटर हबात नकोतच. मॉनिटरच्या चौकोनी खाचेतून एक केबल हबाला आणावी आणि ते दोन्ही मॉनिटरच्या मागच्या पोर्टांना लावावेत.

म्हणजे आपल्याला हबात हवे ते इतकेच: ६० हर्ट्झचा फोर-के एचडीएमआय, गिगाबिट लॅन आणि यूएसबीचे तीन पोर्ट. डिस्क फिरत्या तबकडीची असल्याने तिला ५ गिगाबिटांचा पोर्टही पुरून उरतो. लॅनकडे मात्र लक्ष द्यावे, कारण स्वस्त हबांत अजूनही १०० मेगाबिटांचा लॅन पोर्ट असतो आणि खोक्यावर नुसते ‘इथरनेट’ लिहिलेले असते.

तारजोड

केबल काढता-घालता येणारे हब मिळाले तर ते घ्यावे. हबांत सर्वांत आधी खराब होते ती अंगचीच असलेली आखूड केबल, आणि मग संपूर्ण हब टाकून द्यावे लागते. वापरात हब गरम लागेल, त्याने घाबरू नये. फक्त ते कागदांच्या ढिगाखाली ठेवू नये.

परत करण्याची मुदत असलेल्या ठिकाणाहूनच घ्यावे आणि त्या मुदतीत तपासून पाहावे. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये डिस्प्लेखाली ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’ उघडल्यास ३८४० बाय २१६० आणि ६० हर्ट्झ दिसले पाहिजे, आणि नेटवर्कच्या माहितीत लॅनचा वेग १००० दिसला पाहिजे. नंतर एखादी मोठी, बिनमहत्त्वाची फाइल डिस्कवर उतरवायला लावून चार्जरचा बोर्डावरचा स्विच बंद-चालू करून पाहावा. फाइल न थांबता उतरली, तर टॅलीचा बॅकअप त्या जोडणीवर घ्यायला हरकत नाही.