पऱ्हाटीतलं जनुक ‘अभिव्यक्त’ होतं म्हणायचं का?

धुरेकरी
दारव्ह्याकडच्या एका शेतकरी मेळाव्यासाठी कापसाच्या, म्हणजे आमच्या पऱ्हाटीच्या, संकरावरचं पत्रक मराठीत करून देतोय. एका वाक्यावर बंडी रुतली. "अमेरिकन आणि इजिप्शियन कापसाच्या संकरात दोन्ही पालकांची जनुके असतात, मात्र सर्वांचीच अभिव्यक्ती होते असे नाही." काकांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "म्हंजे आता पऱ्हाटीलेही अभिव्यक्ती स्वातंत्र्य भेटलं म्हन!" बसलेले सगळे हसले, पुढची ओळ कोणी ऐकलीच नाही. तिथे ‘गुण उतरणे’ टाकलं तर चालेल का? मंगळवारी छापायला द्यायचंय.

वऱ्हाडी बाणा
उतरणेच लिहा भाऊ. बुढ्याचा राग नातवात उतरला म्हंतात आमच्या घरी, त्याले काही कोश पाहा लागत नाही. अन् ‘पालक’ बी काढा, भाजी वाटते. मायबाप लिहा.

रुईफूल
पालक काढाच. पण ‘उतरणे’ चालणार नाही. वनस्पतिशास्त्र शिकवते, म्हणून जरा लांबण लावते.

उतरणं म्हणजे वारसा. धुरेकरींच्या वाक्यातला प्रश्न वारसा मिळाल्यानंतरचा आहे: मिळालेलं जनुक प्रत्यक्ष कामाला लागतं की नाही. अमेरिकन म्हणजे हिरसुटम कापसात 52 गुणसूत्रं, इजिप्शियन म्हणजे बार्बाडेन्समध्येही 52, म्हणून त्यांच्या संकराला बोंडं धरतात. धारवाडची 1972ची वरलक्ष्मी अशीच. आपल्या देशी कापसात 26. त्याचा अमेरिकनशी संकर केला की 39 येतात आणि झाड वांझ निघतं.

आता खरी मजा. ज्याला आपण एक ‘शुद्ध’ जात समजतो तो अमेरिकन कापूस मुळात संकरच आहे. साधारण दहा ते वीस लाख वर्षांपूर्वी देशी कापसाच्या भाऊबंदांपैकी एकाचा अमेरिका खंडातल्या रानटी कापसाशी संयोग झाला आणि गुणसूत्रं दुप्पट झाली. त्यामुळे बहुतेक जनुकांच्या दोन-दोन प्रती त्याच्याकडे आहेत, एक इकडची, एक तिकडची. दोन्ही रीतसर उतरलेल्या. पण 2003 साली वेंडेल या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की काही जनुकांच्या बाबतीत फुलाच्या एका भागात एक प्रत चालू असते आणि दुसरी गप्प, तर दुसऱ्या भागात नेमकं उलट. सातबाऱ्यावर दोघा भावांची नावं आणि वावर मात्र वाहतो, म्हणजे कसतो, एकच, तसं हे. ‘उतरणे’ लिहिलंत तर सातबारा सांगितला, वहिवाट राहूनच गेली.

कारंजेकर
ताईंनी विज्ञान छान सांगितलं, पण त्यातून निष्कर्ष एकच निघतो. जनुकीय अभिव्यक्ती हा रूढ पारिभाषिक शब्द आहे, तोच ठेवावा. ‘गुणसूत्र’ तरी काकांना पहिल्या दिवशी कुठे कळलं असेल? चार लोक हसले म्हणून परिभाषा बदलायची म्हटलं तर शास्त्र कधीच मराठीत येणार नाही. आणि वि + अञ्ज् या धातूचा मूळ अर्थच उघड करणे असा आहे. राजकारण्यांनी शब्द वापरला म्हणून तो बाटला का?

वऱ्हाडी बाणा
शब्द नाही बाटला, ऐकणारा उठून गेला नं साहेब! अन् रुईफूल ताईनं तं आपसूकच शब्द देऊन टाकला. ‘वाहणे’. एक जनुक वाहते, दुसरं पडीत हाये. लिहा तसंच.

रुईफूल
अय्या, ‘पडीत’ झकास आहे! कारण पडीत म्हणजे खराब नव्हे. गहू आणि राय यांच्या संकरात रायकडची काही जनुकं, पेशीतली प्रथिनं बनवणारी यंत्रणा उभारणारी, गप्प होतात. त्यांच्यावरची रासायनिक खूण औषधाने काढून टाकली की ती परत चालू होतात. म्हणजे हरवलेली नव्हती, नुसती पडीत होती. वखरलं की पुन्हा पीक.

कारंजेकर
आणि ‘वाहणे’चं काय करणार? जनुकशास्त्रात वाहक हा शब्द आधीच आहे आणि विदर्भात तर तो गावोगाव माहीत आहे. सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा वाहक म्हणजे ज्याच्याकडे जनुक आहे पण आजार नाही असा माणूस. तुम्ही ‘जनुक वाहते’ म्हणजे ‘काम करते’ असं छापलंत, तर वाचणारा नेमका उलटा अर्थ घेईल.

रुईफूल
मुद्दा रास्त, उदाहरण निसरडं. सिकलसेलच्या वाहकात ते जनुक गप्प नसतं. त्याच्या रक्तात साधं आणि सिकल, दोन्ही हिमोग्लोबिन बनतात. साध्याच्या आधाराने माणूस निभावून जातो. जनुक चालू असणं वेगळं आणि बाहेरून दिसणं वेगळं.

नेपथ्य
मी चंद्रपूरच्या हौशी रंगभूमीचा माणूस, शेतीतलं कळत नाही. पण ‘वठणे’ का नको? भूमिका अंगात असते, प्रयोगात ती वठते किंवा वठत नाही. जनुकालाही अगदी चपखल.

वऱ्हाडी बाणा
बाप्पा! मेळाव्यात "या वाणाचे जनुक चांगले वठले" म्हना अन् पाहा. कास्तकार बियाणं वापस कराले रांगेत उभा राहीन. आमच्याकडे वठलं म्हंजे उभं वायलं.

नेपथ्य
मग ‘उमटणे’? ठसा उमटतो, प्रतिध्वनी उमटतो. मूळ कुठे तरी असतंच, ते वर येतं.

रुईफूल
उमटणे मला पटतं. "दोन्ही मायबापांची जनुकं असतात, पण सगळीच उमटत नाहीत." तरी अडचण आहे. कमीजास्त कसं सांगणार? बरीचशी जनुकं पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद नसतात. एक प्रत जास्त राबते, दुसरी कमी. कधी दोन्ही मिळून कोणत्याही एका मायबापापेक्षा जास्त. त्या रानटी अमेरिकन बाजूच्या कापसाला सूत निघेल असा धागा नाहीच, तरी त्या जुन्या संकराचा, म्हणजे आजच्या अमेरिकन कापसाचा, धागा देशीपेक्षा लांब!

खामगावचा अडत्या
जनुकाचं तुम्ही पाहा, पण ‘संकर’ शब्दावर कोणी बोललंच नाही. कापसाच्या बाजारभावात रोज ‘शंकर-6’ लिहून येतं. हा कोणता शंकर? आमच्या मुनीमजींचं ठाम मत, की ते वाण महादेवाच्या नावाचं. मी म्हणतो गुजराती ‘संकर’चा तो बिघडलेला शंकर.

धुरेकरी
तुमचंच बरोबर. गुजरातेत वाणांना संकर-4, संकर-6 अशीच नावं होती. संकर-4 म्हणजे 1970चा सुरतेचा, जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस. दोन्ही बाजूंनी अमेरिकनच मात्र, दोन जातींचा नव्हे. पण माझं वाक्य…

वऱ्हाडी बाणा
गायीलेही लोक शंकरीत गायच म्हंतात इकडे. शंकरपटाच्या, म्हंजे बैलांच्या शर्यतीच्या, मुलखात दुसरं काय म्हंतीन? तळेगाव दशासरच्या पटात पऱ्हाटी धावली नाही अजून, एवढंच बाकी हाये.

कारंजेकर
संकर शब्दच मला खटकतो. गीतेच्या पहिल्या अध्यायात ‘जायते वर्णसंकरः’ आहे, तिथून त्याला डाग लागला. बोलण्यातही ‘हायब्रीड पिढी’ म्हणजे फोफशी, बिनदमाची. शास्त्रात मात्र संकराचा जोम! त्यापेक्षा ‘मिलाप’ घ्यावा.

रुईफूल
म्हणजे अभिव्यक्ती बाटत नाही आणि संकर बाटतो? कारंजेकर काका, एकच नियम लावा हो.

कारंजेकर
दोन्हींची तुलना होत नाही. अभिव्यक्ती राजकारणात गेली, संकर माणसं तोलायला वापरला गेला.

खामगावचा अडत्या
हे मात्र पटलं. तरी पाकिटावर ‘मिलाप कापूस’ छापला तर एक पाकीट खपणार नाही. गिऱ्हाईक ‘हायब्रीट’ मागते.

बीटीवाला
संकर, जनुक हे सगळं 2002 साली बीटी आलं तेव्हापासूनचं ना?

रुईफूल
नाही. बीटीचं जनुक जिवाणूचं, ते प्रयोगशाळेत घातलेलं. संकर फुलावर फूल झटकून होतो. बाया क्रॉसिंगला जातात ते हेच. मग त्या संकरातच बीटी आणून विकलं, म्हणून दोन्ही एकच वाटतं.

धुरेकरी
तूर्त ‘उमटतात’ टाकतोय, कमीजास्तासाठी ‘कमी राबतात’. ‘पडीत’ काकांना ऐकवला. ते म्हणाले, पडीत म्हटलं तर लोक अनुदान विचारतील. एक शेवटचं. पत्रकात मी सगळीकडे पऱ्हाटी लिहिलंय. छापखानेवाला मराठवाड्याचा, तो म्हणतो पऱ्हाटी म्हणजे वेचणी संपल्यावरचं सरपण, उभ्या पिकाला कपाशी म्हणा.

वऱ्हाडी बाणा
छापखाना बदला.

खामगावचा अडत्या
थांबा, घाटाखाली दोन्ही अर्थ चालतात. "पऱ्हाटी फुलावर आली" आणि "चुलीत पऱ्हाटी सार".

कारंजेकर
चुलीतल्या त्या पऱ्हाट्या, अनेकवचन. एकवचनात उभं पीक.

नेपथ्य
आमच्या चंद्रपुरात तर…