मदत हवी आहे : टेमेरेअर मालिकेचा सहावा भाग भाच्याला पूर्ण करायला सांगावा की ओलांडू द्यावा?

नमस्कार.

नेओमी नोव्हिक यांच्या टेमेरेअर या नऊ भागांच्या इंग्रजी मालिकेतील सहाव्या भागाविषयी, म्हणजे २०१० साली आलेल्या ‘टंग्ज ऑफ सर्पंट्स’विषयी, ही मालिका वाचलेल्यांचा सल्ला हवा आहे. खाली पहिल्या सहा भागांचे कथानक उघड होते. सातव्या भागापासून पुढचे आम्ही अजून वाचलेले नाही, त्यामुळे प्रतिसाद देताना तिथली रहस्ये कृपया राखून ठेवावीत.

मालिका न वाचलेल्यांसाठी थोडी पार्श्वभूमी देते. लेखिकेने नेपोलियनच्या युद्धांचा काळ घेऊन त्यात ड्रॅगनांची हवाई दले आणली आहेत, आणि मोठ्या ड्रॅगनच्या पाठीवर लढाऊ जहाजावर असावा तसा माणसांचा पूर्ण ताफा स्वार होतो. ब्रिटिश आरमारातील कप्तान लॉरेन्स एक फ्रेंच जहाज जिंकतो, त्यावर सापडलेल्या अंड्यातून टेमेरेअर हा ड्रॅगन जन्मतो, आणि लॉरेन्सला आरमार सोडून हवाई दलात जावे लागते. इथपर्यंत ही उत्तम साहसकथा आहे. दुसऱ्या भागात मात्र दोघे चीनला जातात, आणि तिथले ड्रॅगन शहरात माणसांच्या बरोबरीने वावरतात, विद्या मिळवतात, स्वतःचे पैसे बाळगतात हे पाहिल्यावर, मग इंग्लंडमध्ये आम्हाला असे का वागवतात हा प्रश्न टेमेरेअर विचारू लागतो आणि पुढे कधीच सोडत नाही. चौथ्या भागात ब्रिटिश सरकार ड्रॅगनांमधला जीवघेणा रोग जाणूनबुजून फ्रान्समध्ये पसरू देते, तेव्हा हा राजद्रोह ठरणार हे पुरते ठाऊक असूनही लॉरेन्स टेमेरेअरसह औषध घेऊन शत्रूकडे जातो, आणि नंतर शिक्षा भोगण्यासाठी स्वतःहून मायदेशी परततो. आज्ञा आणि सदसद्विवेक यांच्यातला इतका स्वच्छ पेच मी साहसकथांमध्ये क्वचितच वाचला आहे, आणि या मालिकेवर माझा जो जीव आहे तो त्या प्रसंगामुळे.

पाचव्या भागाच्या अखेरीस लॉरेन्सची फाशी टळते आणि त्याला ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सच्या वसाहतीत हद्दपार केले जाते. मी ठाण्यात नौपाड्यात राहते. ज्या शहराच्या तुरुंगातून १९११ साली सावरकरांची अंदमानला रवानगी झाली, तिथल्या वाचकाला काळे पाणी म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. त्यामुळे हद्दपारीत लॉरेन्सचे मन कसे वागते, आपण केले ते योग्यच होते या खात्रीवर तो किती काळ तग धरतो, हे सहाव्या भागात वाचायला मिळेल अशी माझी अपेक्षा होती. सुरुवात त्याच दिशेने होतेही. सिडनीत २६ जानेवारी १८०८ रोजी लष्कराने गव्हर्नर ब्लायला पदच्युत केले हा खरा इतिहास आहे, आणि कादंबरीत हाच ब्लाय आपली सत्ता परत मिळवण्यासाठी टेमेरेअरच्या बळाची मदत मागतो. ज्याने विवेकासाठी एकदा सरकारचा कायदा मोडला त्याने आता कोणत्या सरकारला कायदेशीर मानावे, हा प्रश्न पुस्तकभर पुरला असता. पण लेखिका तो लवकरच बाजूला ठेवते.

त्यानंतर सोबत आणलेल्या ड्रॅगनच्या तीन अंड्यांपैकी एक चोरीला जाते, आणि पुस्तकाचा मोठा भाग त्याच्या मागावर खंड ओलांडण्यात जातो. उष्णता, पाण्याचा शोध, जमिनीखालून हल्ला करणारे बनयिप नावाचे प्राणी, मुक्काम, पुन्हा शोध. वर्णने सुंदर आहेत हे मी मनापासून सांगते. तरीही प्रसंगामागून प्रसंग येत राहतात आणि कोणाला काही ठरवावे लागत नाही, हे मला खटकले. उत्तर किनाऱ्यावर पोचल्यावर चिनी व्यापाराचे जे चित्र दिसते ते विलक्षण आहे. सागरी सर्पांकडून मालाची ने-आण होते आणि युद्धाशिवायही जग जोडता येते हे तिथे कळते, पण तोवर पाने थोडीच उरलेली असतात.

असे असूनही हा भाग टाकाऊ आहे असे म्हणायला माझे मन तयार होत नाही, आणि त्याचे कारण कुलिंगिले. प्रवासात तिसऱ्या अंड्यातून निघालेले हे पिल्लू वेडेवाकडे आणि अशक्त असते, ते उडू शकणार नाही असे सर्वांना वाटते आणि त्याला संपवावे असा विचार पुढे येतो. तेव्हा आफ्रिकेतून आलेला डिमेन हा मुलगा त्याला आपले म्हणतो आणि जगवतो. पहिल्या भागात रँकिन या कप्तानाच्या हेळसांडीने झुरून गेलेल्या लेव्हिटास या ड्रॅगनचा मृत्यू ज्यांना आठवतो त्यांना हा प्रसंग किती खोल जातो ते सांगायला नको. त्याच रँकिनला या भागात नवा ड्रॅगन मिळतो, याचा मला संताप आला, आणि तो सीझर रँकिनच्या वरताण अहंकारी निघाला हे वाचून समाधानही वाटले.

आता अडचण सांगते. माझा भाचा ऐरोलीहून ठाण्याच्या महाविद्यालयात येतो, अकरावीत आहे, आणि गाडीतल्या प्रवासात त्याने पाच भाग अक्षरशः झपाटल्यासारखे वाचले. शनिवारी मासुंदा तलावाच्या काठी आमची त्यावर चर्चा होते. सहाव्या भागात मात्र तो कुलिंगिलेपर्यंत पोचण्याआधीच थांबला आहे. “मावशी, हे लोक नुसते शोधत फिरत आहेत. मी थेट सातवा घेऊ का?” असे तो विचारतो आहे. त्याच्यावर जबरदस्ती केली तर मालिकाच सुटेल अशी भीती मला वाटते, आणि होकार दिला तर या मालिकेतील सर्वांत हृदयस्पर्शी जन्म त्याच्या वाचनातून निसटेल.

म्हणून विचारते. सातव्या भागात डिमेन आणि कुलिंगिले यांची ओळख गृहीत धरलेली आहे का, की वाचकाला ती नव्याने करून दिली जाते? मधला प्रवास ओलांडून त्याने फक्त कुलिंगिलेच्या जन्माची प्रकरणे आणि किनाऱ्यावरचा शेवट वाचला तर धागा तुटेल का? आणि ज्यांनी नऊही भाग संपवून सहावा पुन्हा वाचला आहे, त्यांना ती वाळवंटातली भटकंती दुसऱ्या वाचनात वेगळी वाटली का, हे मला स्वतःसाठी जाणून घ्यायचे आहे. सातव्या भागाची छापील प्रत ठाणे किंवा नवी मुंबईतील एखाद्या वाचनालयात कोणी पाहिली असल्यास तेही कळवावे, कारण भाच्याला पडद्यावर वाचायला आवडत नाही.