आधी शिक्षा, मग रवानगी

शिक्षा झालेल्या परदेशी नागरिकाला तुरुंगात पोसण्यापेक्षा तत्काळ मायदेशी धाडावे, हे काहींचे मत मला अपुरे वाटते. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातून तडीपार झालेला गुंड वर्धा नदीपलीकडे बस्तान मांडतो (आणि बाजाराच्या दिवशी गुपचूप परततोही), हे खेड्यात सर्वांनाच ठाऊक आहे; शिक्षा न भोगता झालेली हद्दपारी हा तोच प्रकार मोठ्या प्रमाणावर होय. परकीयांना देशाबाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने हान्स म्युलर या जर्मन नागरिकाच्या खटल्यात १९५५ मध्येच मान्य केला असल्याने प्रश्न अधिकाराचा नाही, क्रमाचा आहे. उरलेली शिक्षा मायदेशी भोगण्याची सोय २००३ च्या कैदी प्रत्यावर्तन कायद्यात आहे, मात्र त्यासाठी त्या देशाशी करार आणि कैद्याचा अर्ज लागतो. केवळ व्हिसाची मुदत उलटलेल्यांना थेट परत पाठवण्यास माझी हरकत नाही.